हातानं शिकणारी मुलगी

हेडमास्तर आनंदराव तंबाखूचा खर्रा थुंकायचे ते पोरांच्या हात धुवायच्या नळाखाली. शाळेमागे मोकळं मैदान होतं, मैदानापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, बांध्यांपलीकडे तलाव होता. थुंकायला जागा म्हटली तर अख्खा पवनी तालुका पडला होता. पण साहेबांना खोलीपासून चार पावलं पुढं जायचा कंटाळा. मग जेवणाच्या सुट्टीत पोरं ताटं घेऊन त्या नळावर यायची, आधी पाणी मारून तो लाल राडा वाहवायची आणि तिथंच आपली ताटं धुवायची. हर्षा मॅडमला ते पाहून रोज मळमळायचं. आसगावहून आत वळून चार किलोमीटरवरच्या या मोहाटोलीच्या शाळेत तिला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत ही मळमळ काही तिच्या अंगवळणी पडली नव्हती.

सप्टेंबरातल्या त्या सोमवारी ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती ती मात्र नळाचं सांगायला नव्हे. तिच्या हातात एक कागद होता. पाचवीतल्या उर्वशीला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं होतं, आणि त्यासाठी त्या कागदावर हेडमास्तरांची सही आणि शाळेचा शिक्का लागत होता. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. उर्वशी बसली असती तर पास होऊन निघाली असती, याबद्दल हर्षाला तिळमात्र शंका नव्हती. सहावीपासून बारावीपर्यंतचं राहणं, खाणं, शिकणं, सगळं मार्गी लागलं असतं.

आनंदरावांनी कागद पाहिला आणि गालातला खर्रा डावीकडून उजवीकडे सरकवला.

"ही पोट्टी लाल आहे ना, मॅडम?"

"हो."

"मंग? लालची पोरं आपण परीक्षेले नाही पाठवून राहिलो."

आता लाल म्हणजे काय, हे सांगायला जूनपर्यंत मागं जावं लागेल.

जूनमध्ये भंडाऱ्याला एका हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, वेगवेगळ्या पोरांना वेगवेगळ्या रीतीनं कसं शिकवावं. हर्षा तिथं नाचतच गेली म्हणा ना. कारण हेच तर ती सहा वर्षं करत होती, कुणी न सांगता. चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग, एकतीस पोरं. भागाकार शिकवायचा तर कुणापुढं चिंचोके मांडायचे, कुणाला गोष्टीतून सांगायचं, कुणाला फळ्यावर चित्र काढून द्यायचं, आणि एखाद्याला नुसतं वर्गाबाहेर फिरू द्यायचं, कारण ते कार्टं फिरता फिरताच विचार करायचं. शिवाय आज चिंचोके मागणारं पोर उद्या चिंचोके बाजूला सारून म्हणायचं, 'तुमी नुसतं सांगा ना मॅडम.' कुणाला कधी काय लागेल हे त्या घडीला त्या पोराच्या तोंडाकडं पाहून ठरवावं लागतं, एवढंच तिचं शास्त्र. त्याला नाव नव्हतं.

भंडाऱ्यात त्याला नाव मिळालं. पडद्यावर तीन चित्रं आली, एक डोळा, एक कान, एक हात. सुटाबुटातल्या प्रशिक्षकानं सांगितलं की जगातली सगळी पोरं या तीनपैकी एका खात्यात बसतात. कोण कुठल्या खात्यातलं, हे ओळखायला मोबाईलवर वीस प्रश्न येतील. ते भरले की मशीन आपोआप खातं सांगेल. हर्षानं हात वर करून विचारलं, "एकच पोरगं सोमवारी डोळ्यांनी आणि मंगळवारी हातांनी शिकत असेल तर?" प्रशिक्षक गोड हसला. "ॲपमध्ये एकच पर्याय निवडता येतो, मॅडम." मग पुरी-श्रीखंडाचं जेवण झालं, सगळ्यांनी फोटो काढले आणि आपापल्या एसटीत बसले. हर्षा पवनीपर्यंत खिडकीबाहेर पाहत चिडत राहिली. पण चिडून ती करणार काय होती? नोकरी होती.

वीस प्रश्नांची ती लिंक आली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन रोवण्यात. आता रोवण्याच्या दिवसांत मोहाटोलीत पोरांची शाळा कशी असते, ते त्या सुटाबुटातल्या माणसाला कुठून माहीत असणार? धानाचे परे, म्हणजे वाफ्यातली कोवळी रोपं उपटायची, त्यांच्या पेंड्या बांधायच्या, बांधीत फेकायच्या आणि ओणवं होऊन एकेक रोप चिखलात खोचायचं. घरातलं दहा वर्षांचं लेकरूसुद्धा पहाटे पेंड्या बांधायला जातं. मग ते अकरा वाजता शाळेत येतं ते पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन, आणि बसल्या बसल्या पेंगतं. पेंगतानाही बोटं हलत असतात, सवयीनं. ज्यांच्या घरी मजूर लावून रोवणा होतो, त्यांची पोरं मात्र धुतलेल्या युनिफॉर्ममध्ये ताठ बसून फळ्याकडं पाहतात.

लिंक सकाळी आली आणि संध्याकाळी पाचला बंद होणार होती. शाळेत नेटवर्क नव्हतं, ते मिळायचं तलावाच्या पाळीवर. हर्षा दुपारी पाळीवर जाऊन एका दगडावर बसली आणि एकतीस पोरांचे वीस वीस प्रश्न भरू लागली. 'विद्यार्थी वाचताना एकाग्र असतो का?' 'ऐकताना लक्ष विचलित होते का?' 'हातांची सतत हालचाल करतो का?' पहिल्या दहा पोरांपर्यंत तिनं प्रामाणिकपणे विचार केला. नंतर ऊन डोक्यात चढलं, बॅटरी वीस टक्क्यांवर आली, आणि ती त्या दिवशी सकाळी जे दिसलं तेच भरत सुटली. उर्वशी? आज पेंगत होती. ऐकत होती का? नाही. वाचत होती का? नाही. बोटं हलत होती का? हो, बाकाखाली न दिसणारी पेंडी बांधत होती. टिक, टिक, टिक. चार वाजून चाळीस मिनिटांनी एकतिसावं पोर भरून झालं तेव्हा हर्षाला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

आणि ही उर्वशी कोण? तर हाती लागेल ते वाचणारी पोरगी. भज्यांना गुंडाळलेला तेलकट पेपर, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. एकदा युरियाच्या पोत्यावरून वाचून आली आणि वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आर्द्रता म्हंजे काय?" हर्षाला सहा वर्षांत असं पोर मिळालं नव्हतं. आणि मशीननं उत्तर दिलं, हात.

खरं तर तेव्हाच आरडाओरडा करायला हवा होता. हर्षानं निकाल पाहिला आणि तो चूक आहे हेही तिला कळलं. पण तिला वाटलं, कागदच आहे. असे किती कागद आपण भरतो आणि विसरतो. वर्गात तर आपणच शिकवणार आहोत.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर आनंदरावांनी पालकांसमोर कार्डं आणि बिल्ले वाटले. डोळ्यांनी शिकणारे निळे, कानांनी शिकणारे हिरवे, हातांनी शिकणारे लाल. निळ्यांत पहिलं नाव सरपंचाच्या नातवाचं, प्रितमचं. लाल निघाली अकरा पोरं, आणि अकराही पोरं रोवण्याला जाणाऱ्या घरची. हे एकालाही खटकलं नाही. आनंदराव तर खुश होऊन म्हणाले, "पाहा, मशीन कसं बरोबर सांगते! ज्याच्या घरी जे चालते तेच पोरात उतरते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. उर्वशीचा बाप ताराचंद याची तलावाखाली दीड एकर बांधी होती, आणि शाळेनं त्याच्या पोरीला काहीतरी नावानिशी दिलं याची ही पहिलीच वेळ. त्यानं ते कार्ड भंडाऱ्याला नेऊन प्लास्टिकमध्ये बसवून आणलं. कार्डाखाली सही होती वर्गशिक्षिकेची, हर्षाची.

त्यानंतर सुरू झालं 'कृतीतून शिक्षण'. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन तास लाल बिल्ल्यांची पोरं वर्गाबाहेर. सोमवारी परसबागेला पाणी घालणं, त्याचं नाव 'आकारमान'. मंगळवारी मैदानातले दगड वेचणं, त्याचं नाव 'गणन'. बुधवारी खिचडीच्या तांदळातले खडे काढणं, त्याचं नाव 'वर्गीकरण'. गुरुवारी व्हरांडा झाडणं, त्याला काय नाव दिलं होतं ते हर्षाला आठवलंसुद्धा नको होतं. आनंदराव रोज एक फोटो काढून वर पाठवायचे, आणि वरून अंगठा यायचा. शाळेत खिचडी करणारी पार्वताबाई एकदा सूप हातात घेऊन हर्षाजवळ आली.

"मले तं आरामच झाला, मॅडम. अर्धं काम पोट्टेच करून देतेत. पण यायले शिकवून कोण राहिलं?"

हर्षानं आनंदरावांकडं जाऊन एकदा तोंड उघडलं होतं, आणि त्यांनी एका वाक्यात ते बंद केलं होतं, 'वर्गवारी तं तुमचीच आहे ना?' पण ती पुन्हा बोलायला गेली नाही, त्याचं ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा पोरं बाहेर गेली की वर्गात वीसच उरायची. वर्ग शांत व्हायचा. बोलून बोलून बसणारा घसा दुपारनंतर वाचायचा. तिला ते दोन तास आवडू लागले होते, आणि ते आपल्याला आवडतात हे कळल्यापासून तिला स्वतःची किळस यायला लागली होती. त्या महिन्यात पुस्तकांची पेटी आली तेव्हा उर्वशी पुस्तक मागायला पुढं आली नाही, हेही तिच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

तर असा तो सोमवार, आणि असा तो कागद.

"सर, तिला बसू तरी द्या," हर्षा म्हणाली. "ऐंशीपैकी सत्तर उत्तरं बरोबर येतील तिची. मी लिहून देते."

"येतीन, मॅडम, येतीन." आनंदराव हसले तेव्हा दातांच्या फटीतला तपकिरी गाळ दिसला. "म्हणूनच तं नाही पाठवत. लालमधली पोट्टी वाचाच्या परीक्षेत निघाली तं वरून पहिला प्रश्न काय येईन? वर्गवारी कोणं केली? तुमी केली. कार्डावर कोणाची सही? तुमची. अन् आपली शाळा जिल्ह्यात नमुना म्हणून लागून राहिली, थे गेलं चुलीत."

"मग चुकली म्हणून कळवू आपण. मी कळवते."

"ॲपमध्ये वर्षाच्या आत बदलता नाही येत. पाहिलं मी." ते उठले, नळापाशी गेले, थुंकले आणि तोंड पुसत परत आले. "असं करू. बुधवारी भंडाऱ्याहून टीम येऊन राहिली. मले माइकवर बोलता नाही येत, तुमाले येते. लालच्या पोरायचं प्रात्यक्षिक दाखवू, तुमी चांगलं समजावून सांगा. टीम खुश झाली तं बुधवारी संध्याकाळी सही देतो. मंग वरून काही आलं तं मीच पाहून घेईन."

हर्षा हो म्हणाली. एका पोरीची सात वर्षं एका पारड्यात आणि आपलं अर्ध्या तासाचं खोटं दुसऱ्या पारड्यात, असा तिनं हिशेब घातला. बोलून टाकू. बोलण्यानं कुणाचं काय बिघडतं?

बुधवारी पांढऱ्या गाडीतून तिघं जण उतरले, दोन पुरुष आणि एक बाई. व्हरांड्यात सतरंजीवर अकरा लाल बिल्ले रांगेनं बसले होते, प्रत्येकापुढं सूप, सुपात तांदूळ. मागं कापडी फलक. समोर बाकीचा वर्ग, थोडे पालक, आणि स्पीकर. आनंदरावांनी त्या दिवशी खर्रा खाल्ला नव्हता, त्यामुळं ते आजारी माणसासारखे दिसत होते.

हर्षानं माइक घेतला. बोलायला लागल्यावर तिला नवल वाटलं की हे किती सोपं आहे. प्रत्येक मूल वेगळं असतं, ती म्हणाली. एकाच काठीनं सगळ्यांना हाकू नये. ही मुलं हातांनी विचार करतात. यातलं एकेक वाक्य धड खरं होतं, आणि पुढ्यात अकरा पोरं फुकटात खडे वेचत बसली होती. पाहुण्या बाई मान डोलावत व्हिडिओ काढत होत्या. मग त्यांनी विचारलं, "एखादं उदाहरण सांगा ना मॅडम. एखादी मुलगी वगैरे."

हर्षा कुणाचं नाव घ्यावं म्हणून थांबली, आणि तेवढ्यात आनंदरावांनी हाक मारली. "उर्वशी, ये इकडे बेटा. मॅडमजवळ उभी राय."

त्यांनी ते मुद्दाम केलं. हर्षाकडं पाहून भुवया उडवल्या, म्हणजे, आता बोला. आणि हर्षा बोलली.

"ही उर्वशी," ती म्हणाली. "हिला पुस्तकातून समजत नाही. धडा वाचायला दिला तर हिचे डोळे मिटतात, सांगायला गेलं तर लक्ष उडतं. आधी मला वाटायचं, ही अभ्यासात कच्ची आहे. पण हाती वस्तू दिली की बघा हिची बोटं कशी चालतात. आता मी हिच्या हाती पुस्तक देत नाही. काम देते."

टाळ्या झाल्या. पाहुण्या बाईंनी उर्वशीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि 'किती गोड' म्हणाल्या. हर्षानं एकदाच खाली पाहिलं. उर्वशी तिच्याकडं तोंड वर करून ऐकत होती, एक शब्द न सांडता, जशी ती मॅडमचं सगळंच ऐकायची. हर्षानं माइक खाली ठेवला.

साडेचारला गाडी गेली. आनंदरावांनी आधी खर्ऱ्याची पुडी सोडली, चिमूट गालात भरली आणि त्याच बोटांनी कागद धरून सही केली. शिक्काही मारला. कागदाच्या कोपऱ्यावर चुन्याचा आणि तंबाखूचा डाग उमटला. हर्षानं तो रुमालानं पुसला, तर तो आणखीच पसरला. तिनं रुमाल तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकला, कागद पिशवीत घातला आणि स्कूटी काढून सरळ ताराचंदचं घर गाठलं.

ताराचंद नुकताच बांधीवरून येऊन आंगणात पाय धूत होता. मॅडमला पाहून तो ओल्या पायांनीच धावला, आतून खुर्ची आणली, गमछ्यानं पुसली. "बसा जी, बसा. उर्वशी, मॅडमसाठी पाणी आण. मायले सांग चहा मांडाले."

हर्षानं पाणी घेतलं आणि कागद दाखवला. परीक्षा काय, शाळा कुठली, किती वर्षं, सगळं सांगितलं. ताराचंदनं सगळं ऐकून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं ते समजुतीचं, लहान पोराचा हट्ट ऐकताना असतं तसं.

"तुमी एवढ्या चालून आल्या, लय झालं जी. पण हे वाचाची परीक्षा होय ना? आमच्या उर्वशीचं तं हाताचं आहे. मी ठरवून टाकलं, हे पाचवी झाली का शहापूरले पाठवतो, माया बहिणीकडे. तेथी बायकायचा शिवणाचा क्लास आहे. सहावी करीन अन् संगं शिवण शिकीन. डोकं नाही तं नाही, हात तं देला देवानं."

"डोकं नाही असं कोण म्हणालं, ताराचंदभाऊ?"

"तुमीच तं जी." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट आदरच होता. "कार्डावर लिहून देल्लं. अन् आज तं साहेबलोकायसमोर माइकवर सांगतलं म्हणते. पोरगी आल्यापासून मायले तेच सांगून राहिली, मॅडमनं मायं नाव घेतलं म्हणून. खुश आहे."

हर्षानं ग्लास खाली ठेवला. "ताराचंदभाऊ, ते खोटं होतं. मी खोटं बोलले. कार्ड भरताना माझी चूक झाली आणि आज मला या सहीसाठी खोटं बोलावं लागलं."

ताराचंद हसला. त्याला ते मॅडमचं मोठं मन वाटलं. "काहून चुकान जी तुमी? एवढ्या लोकायसमोर मॅडम खोटं कायले बोलतीन?"

उर्वशी दाराशी उभी होती. मॅडमच्या अशा बोलण्यानं तिलाच लाज वाटल्यासारखी ती खाली पाहत होती. हर्षानं तिला जवळ बोलावलं आणि पिशवीतून जुनी प्रश्नपत्रिका काढली. त्यात सुगरण पक्ष्यावरचा एक उतारा होता, खाली पाच प्रश्न.

"वाच बेटा."

उर्वशीनं वाचलं. एकही शब्द न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला आवाज खाली आणत. चुलीपुढून तिची आई डोकावून ऐकू लागली.

"आता सांग, सुगरण खोपा कशाच्या झाडावर बांधते?"

"माहीत नाही."

"आत्ताच वाचलंस ना तू?"

"वाचलं. पण मले वाचून समजत नाही ना, मॅडम."

ती ते रडत म्हणाली नाही, कुरकुरतही नाही. कुणी गाव विचारलं की आपण गावाचं नाव सांगतो, तसं तिनं ते सांगितलं. "बरं, मी वाचते, तू ऐक," हर्षा म्हणाली आणि स्वतः वाचू लागली, तिच्या सगळ्यात छान गोष्टीच्या आवाजात. उर्वशी दोन ओळी ऐकून हळूच म्हणाली, "थे हिरव्या बिल्ल्यायचं आहे ना, मॅडम?" मग हर्षानं आंगणातल्या मातीत काडीनं बाभळीचं झाड काढलं, त्याला लटकणारा खोपा काढला, विहिरीचा काठही काढला. उर्वशीनं चित्राकडं पाहिलं, ते पुसलं जाऊ नये म्हणून पाय मागं घेतला. सहा वर्षांत ज्या ज्या रीतीनं एकेक पोर उमललं होतं, ती एकेक रीत हर्षानं त्या आंगणात काढून पाहिली. प्रत्येक वेळी उर्वशी मन लावून बघायची, ऐकायची, आणि मग मॅडमला वाईट वाटू नये अशा बेतानं मान हलवायची. उत्तर तिच्या डोळ्यांत हर्षाला दिसत होतं. ते तोंडावर आणायची तिची हिंमत नव्हती, कारण ते आणलं असतं तर मॅडमचं म्हणणं खोटं पडलं असतं.

"पाहा जी," ताराचंद कौतुकानं म्हणाला, "कसं बरोबर निघालं तुमचं."

आनंदरावांच्या नळाची, त्या पांढऱ्या गाडीची, त्या गोड हसणाऱ्या प्रशिक्षकाची हर्षाला जेवढी घाण वाटली होती, ती सगळी एकत्र केली तरी स्वतःबद्दलच्या या घाणीच्या पासंगाला पुरली नसती. त्यांनी तर पोरांना फक्त कामाला लावलं होतं. उर्वशीच्या डोक्याला कुलूप घातलं ते तिनं, स्वतःच्या तोंडानं, माइक हातात घेऊन.

तरी तिनं अर्ज काढला. जन्मतारीख लिहिली, फोटो चिकटवला. बापाच्या सहीच्या जागी ताराचंदनं, मॅडमचं मन मोडू नये म्हणून, सावकाश सही केली. खाली विद्यार्थ्याच्या सहीची चौकट रिकामी होती. तिनं पेन उर्वशीपुढं धरलं.

"इथं सही कर, बेटा."

"मी परीक्षेत काही नाही लिहणार ना, मॅडम? मले येणार नाही."

"सही कर."

उर्वशीनं कागद मांडीवर घेतला आणि ठळक, गोलाकार अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. मॅडमनी सांगितलं होतं. मॅडमनी सांगितलेलं ती कधी टाळत नसे.